गोधडीवालीची भिंत

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हे विचारणारेही आता राहिले नाहीत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात घर सजवायला कुणी काही विकत आणत नसे. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची वेणी घालायची आणि ती गोल फिरवत शिवत जायची, की झालं बसकर. मक्याची सालं रंगात बुडवून वाळवली, की तोरणाची फुलं तयार. वाळलेल्या भोपळ्याला दाभणानं भोकं पाडून आत पणती ठेवली, की खोलीभर चांदणं.

पण गावाचा खरा दिमाख भिंतीत होता. सुगी आटोपली की लिंपणाची पुनव यायची. प्रत्येक घर आपली ओटीची भिंत नव्यानं लिंपायचं. पांढरी माती चाळून घ्यायची, तिच्यात शेण, बारीक भुसा आणि भिजल्या मेथीचं चिकट पाणी कालवायचं. लिंपण ओलं असतानाच वर्षभरात घरात जे काही फुटलं त्याचे तुकडे त्यात दाबायचे. बांगड्या, बरण्या, आरसे, पणत्या. तुकड्यांची वेल करा, मोर करा, नाहीतर नुसतेच ठिपके. अट एकच. तुकडा आपल्याच घरचा हवा.

पुनवेच्या संध्याकाळी लोक घरोघर जात. पाहुण्यानं एका तुकड्यावर बोट ठेवून विचारायचं, "हे कसं फुटलं?" आणि घरच्यांनी सांगायचं. मांजरानं पाडलं, जावई धडपडला, म्हातारबुवांनी हुक्का समजून बरणीच तोंडाला लावली. ओटी हसून लोटपोट व्हायची. मग लाह्या आणि गूळ, आणि पुढचं घर.

ज्याची भिंत कोरी, त्याच्या दारात कुणी थांबत नसे. विचारायलाच काही नाही, तर थांबायचं कशाला? याला ते गाव रीत म्हणत असे. जुनी होती, म्हणून कुणी तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

गावाच्या कडेला एक गोधडीवाली राहत होती. नवरा पाथरवट. लग्न करून त्यानं तिला दूरच्या मुलखातून आणलं आणि थोड्याच वर्षांत खाणीत दगडाखाली गेला. मूलबाळ नव्हतं. लोक चिंध्या आणून द्यायचे, ती गोधड्या शिवून द्यायची. देणंघेणं सगळं उंबऱ्याबाहेर. गावातल्या प्रत्येक घराच्या गोधडीत तिचे टाके होते आणि तिच्या ओटीवर एकाही घरचं माणूस बसलेलं नव्हतं.

एकट्या माणसाच्या घरात फुटत काही नाही. एक ताट, एक वाटी, एक पेला. तीच घासायची, तीच पालथं घालायची. तिच्या हातात बांगड्याही नव्हत्या. दर पुनवेला ती भिंत गुळगुळीत लिंपायची, लाह्या भाजायची आणि दारात बसायची. माणसांचे घोळके हसत पुढे जायचे.

एका वर्षी तिनं आपला मातीचा पेला मुद्दाम दगडावर आपटला. दोन तुकडे झाले. तिनं ते भिंतीत लावले. त्या संध्याकाळी शेजारीण आत डोकावली.

"अगंबाई, यंदा काहीतरी लावलंयस की! कसा गं फुटला?"

"मीच फोडला."

"तूच? का?"

गोधडीवालीनं लाह्यांचं सूप पुढे केलं. शेजारीण म्हणाली, "बरं, येते हं, पुढं सगळे वाट बघतायत," आणि लाह्या न घेताच गेली. त्या वर्षी गोधडीवाली ओंजळीनं पाणी प्यायली.

पुढच्या सुगीनंतर ती भर दुपारी गावामागच्या उकिरड्यावर गेली. तिथे फुटकं पुष्कळ होतं. हिरव्या बांगड्यांचे तुकडे, एका वाटीची अर्धी कड, बरणीचं बूड, आरशाच्या चिपा, लाल मातीच्या बैलाचं शिंगांसकट डोकं. तिनं पदर भरून आणला. जे गाव आपलं फुटकं भिंतीत मिरवतं, ते हे तुकडे इथे कशाला टाकतं, हे तिच्या मनात आलं नाही. तिच्या मनात एकच होतं. यंदा माणसं आत आली पाहिजेत.

आणि काय भिंत केली तिनं! तुकड्यांच्या धारदार कडा आत वळवून दाबल्या, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. हिरव्या बांगड्यांचं झाड केलं. आरशाच्या चिपांचं पाणी केलं. खाली कोपऱ्यात बैल उभा केला. डोकं लाल मातीचं, अंग तिनं स्वतः थापलेलं. भोवती गेरूचा पट्टा ओढला. उरल्यासुरल्या चिंध्यांची बसकरं शिवली, हवीत त्याहून जास्तच. मग भिंतीसमोर बसून एकेका तुकड्याची गोष्ट रचली आणि मोठ्यानं म्हणून पाहिली.

पुनवेला पहिला घोळका दारापुढून गेला, थबकला आणि मागे फिरला. मग गावात बातमी झाली. घटकाभरात ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"मावशी, ही बरणी कशी फुटली?"

"ती होय! माझी बहीण आली होती ना, तिच्या पोरानं लोणचं चोरताना."

"तुला बहीण कधीपासून?"

"असते बाबा एखादीला. तुझ्या लग्नात नव्हती आली, म्हणून काय जन्मलीच नाही?"

ओटी हसली. गोधडीवालीच्या घरात, ती आल्यापासून पहिल्यांदा, इतकी माणसं एकदम हसली. ती लाह्यांचं सूप घेऊन इकडून तिकडे धावत होती. "बसा ना, बसा, बसकरं आहेत," असं ज्याला त्याला म्हणत होती, बसलेल्यांनाही.

तेवढ्यात कोष्ट्याची म्हातारी आई भिंतीपाशी गेली. तिला हल्ली आठवायचं फार, पण काय लपवायचं असतं हे विसरायला झालं होतं. तिनं अर्ध्या वाटीवर बोट ठेवलं आणि मागे वळून सुनेला हाक मारली.

"सूनबाई, अगं ही तर आपली वाटी! त्यानं तुझ्या अंगावर फेकली होती बघ. आमटीसकट. इथे कशी आली?"

सुनेचा चेहरा उतरला. कोष्टी खाली बघू लागला. ओटीवरचं हसू जागच्या जागी थिजलं.

दारातून गावचे पाटील नुकतेच आत येत होते. रीत सांभाळणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना आवडायचंही.

"म्हणजे हे सगळं उकिरड्यावरचं?" ते गरजले. "बाई, दुसऱ्याच्या घरचं फुटकं आपल्या भिंतीला लावलंस? वर खोट्या गोष्टी सांगतेस?"

"लावलं," गोधडीवाली म्हणाली. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "माझ्या घरात फुटायला होतं काय? पाटील, इतक्या वर्षांत माझ्या ओटीवर एक पेला फोडायला तरी कुणी आलं का? लहान पोर सोडा, एखादं मांजर तरी पाठवायचं होतं. माझ्याकडून गोधड्या घेऊन पांघरल्यात, आणि पुनवेला माझ्या दारावरून मान वळवून गेलात. रीत मोडली म्हणता? रीत पाळायला तरी घरात दुसरं माणूस लागतं."

पाटलांनी कोपऱ्यातलं खुरपं उचललं.

"ते काही नाही. ज्याचा तुकडा असेल त्यानं पुढं यावं आणि उपटून न्यावा. ही वाटी कुणाची?"

"आमची नाही," सून घाईघाईनं म्हणाली. "सासूबाईंना हल्ली भास होतात."

"हिरव्या बांगड्या?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या आणि लगेच पाहायच्या थांबल्या.

"बरणी? आरसा? अरे, कुणाचं तरी असेल ना! आकाशातून पडलं काय?"

एकही माणूस पुढे आलं नाही. तुकडा आपला म्हणायचा, तर तो कसा फुटला हेही सांगावं लागणार. ज्या फुटण्याची गोष्ट हसत सांगता येत होती, ते आधीच प्रत्येकाच्या घरच्या भिंतीवर होतं. ज्याची सांगता येत नव्हती, ते गावानं उकिरड्यावर नेऊन टाकलं होतं.

"मग मीच काढतो," असं म्हणून पाटील खुरपं घेऊन वाकले, आणि वाकलेलेच राहिले. कोपऱ्यातला लाल बैल त्यांच्या नाकासमोर होता.

पाटलांचा मुलगा राजधानीत मोठ्या हुद्द्यावर आहे, हे गावाला पाठ होतं. पाटीलच सांगत. तो घर सोडून गेला त्या दिवशी पाटलांनी त्याच्या लहानपणीचा मातीचा बैल अंगणात आपटला होता, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. हुद्द्याचं राहू द्या, मुलगा कुठे आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

पाटलांनी खुरपं जमिनीवर ठेवलं आणि ते बाहेर गेले. मग एकेक करून सगळे गेले. सुपातल्या लाह्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून गावानं तिला चिंध्या देणं बंद केलं. कारण काय, तर म्हणे चोरी. उकिरड्यावरची चोरी! जी वस्तू आपली म्हणायची एकाची छाती झाली नाही, तिची चोरी सगळ्या गावाला एकमतानं दिसली.

गोधडीवाली रिकाम्या हातानं भिंतीसमोर बसून राही. पूर्वी तिला वाटायचं, आपणच तेवढ्या एकट्या. तिकडे घराघरांत भरलेल्या ओट्या आहेत, हसणं आहे. आता झाडाच्या एकेका हिरव्या पानाकडे पाहताना तिला कळेना, की हे कुठल्या भरल्या ओटीवर फुटलं असेल. एकदा तिनं खुरपं उचललं, भिंत खरवडून टाकावी म्हणून. हात चालला नाही. आपणही फेकून दिलं, तर हे तुकडे जाणार कुठे?

एका दुपारी कोष्ट्याच्या घरची ती सून आली. बगलेत गोधडी होती.

"मावशी, ही उसवलीय."

गोधडीवालीनं ती उलटीपालटी करून पाहिली. "कुठे गं?"

"असेल ना कुठेतरी. बघा सावकाश."

ती आत येऊन बसली, वाटीच्या समोर. गोधडीवालीनं सुईत दोरा ओवला आणि धड असलेल्या गोधडीवर ती टाके घालत राहिली. दोरा संपत आला तेव्हा सून म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झालं होतं. एवढंच."

मग ती बोलत राहिली. गोधडीवालीनं काही विचारलं नाही, शहाणपणाचं काही सांगितलं नाही. निघताना सून म्हणाली, "परत उसवली तर आणीन."

"आण. उसवतेच ती."

त्यानंतर लोक येऊ लागले. पण एकेकटे, आणि दारातून आत कुणी नाही ना हे पाहून. कुणी बरणीसमोर बसे, कुणी आरशासमोर. दोघं एका वेळी कधी आले नाहीत. शेजारशेजारच्या घरांतली माणसं, एकाच विहिरीचं पाणी पिणारी, आणि प्रत्येकाला वाटे की अशी भेग आपल्याच घराला आहे. सगळं गाव भर वस्तीत एकटं होतं. ते ऐकणारी मात्र एकच होती, आणि संध्याकाळी दार लोटल्यावर तीही पुन्हा एकटीच उरायची. तरी पूर्वीचं एकटेपण आणि हे, यांत फरक होता. आता सकाळी उठून तिला ओटी झाडावीशी वाटे.

सगळ्यांत शेवटी पाटील आले. बसकरावर बसले नाहीत. काठी टेकून कोपऱ्याकडे पाहत उभे राहिले.

"बाई, त्या बैलाचं शिंग खालून निखळायला लागलंय," ते म्हणाले.

गोधडीवालीनं पाहिलं. शिंग पक्कं होतं.

"हो, निखळतंय खरं," ती म्हणाली. "माती भिजवते. तुम्ही जरा धरून ठेवाल का?"

पाटील खाली बसले. त्यांनी दोन बोटांनी शिंग धरलं. माती मळून झाली, लावून झाली, वाळतही आली, तरी त्यांनी बोटं काढली नाहीत. मग भिंतीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "तो राजधानीत नाही." आणि जे इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगू लागले.

पुढच्या पुनवेला गावानं नेहमीसारख्या आपापल्या भिंती सजवल्या, नेहमीसारखं हसूनही घेतलं. फक्त उकिरड्यावर त्या वर्षी फुटकं काही सापडलं नाही. ज्यानं त्यानं ते गोधडीवालीच्या हातात आणून दिलं होतं.

लहानथोरांनी ध्यानात ठेवावं ते एवढंच: ज्या घरात आपलं फुटलेलं खरं खरं सांगता येतं, तेच घर सजलेलं.