वेशीबाहेरच्या बैलाला आवतण

बबे, पाय आत घे. गुंड्या, तू भिंतीकडं सरक जरा, सगळी गोधडी एकट्यानं ओढतोस मेल्या. आणि आधीच सांगते, मधे मधे बोलायचं नाही. बोललात तर गोष्ट तिथंच बंद. हं, मिटा डोळे. कानांनी ऐकायचं असतं, डोळ्यांनी नाही.

एक होता राजा. पण तो आपल्या गोष्टीत नुसता नावाला आहे. त्याच्या गावात, अगदी वेशीला लागून, एक घर होतं. घरात भिवा नावाचा माणूस राहायचा. तो दोर वळायचा. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, घ्यायचा, मांडीवर पिळायचा, आणि त्याचा कासरा वळायचा, दावं वळायचा, बैलाच्या तोंडाला बांधतात ती म्होरकी वळायचा. गावातल्या सगळ्या बैलांच्या गळ्यात भिवाचा दोर. पण भिवाच्या स्वतःच्या दारात बैल नव्हता. कुठून असणार? बैल म्हणजे चारा आला, पेंड आली, गोठा आला. इथं माणसांचंच कसंबसं भागत होतं.

भिवाची बायको पुतळा. आता ही पुतळा कशी होती, सांगू? गुळाची ढेप ज्या फडक्यात बांधून यायची ना, ते फडकं ती आमटीत बुचकळून काढायची. तेवढाच गोडवा. लुगडं फाटलं की त्याचा परकर, परकर फाटला की झबलं, झबलं फाटलं की गोधडीला ठिगळ. भिवा हसायचा, म्हणायचा, "आमची ही चुलीत फुंकर घालते ना, ती पण जपून घालते." पुतळा म्हणायची, "हसा. मी जपते म्हणून चूल पेटतेय." आणि ते खरंच होतं, बरं का.

त्यांना तीन लेकरं. थोरली कौसा, मधला भागू आणि धाकटी ठकी. ठकी म्हणजे आपली बबीच म्हण. एका जागी बसेल तर शपथ.

मग काय झालं, पोळा आला. पोळा म्हणजे बैलांचा सण. बैलांना न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, पाठीवर झूल घालायची आणि पुरणपोळी खायला द्यायची. ज्यांच्या घरी बैल नाही ते मातीचे बैल करतात. पुतळेला मातीचे बैल फार आवडायचे. का सांगा? अहो, खऱ्या बैलाला पोळी द्यायची तर अख्खी द्यावी लागते. मातीच्या बैलाला नखाएवढा तुकडा दाखवला की झालं, आणि तोही मागाहून लेकरांनीच खायचा!

तर तिघं वेशीबाहेरच्या खड्ड्यातून काळी माती घेऊन आली. भिजवली, तुडवली, आणि बसली बैल करायला. कौसानं मोठा धष्टपुष्ट बैल केला, चिंध्या जोडून त्याला झूल शिवली. भागूनं बापाच्या पायापाशी पडलेले दोराचे तुकडे उचलले आणि आपल्या बैलाला इवलीशी म्होरकी केली, डोळ्यांच्या जागी लाल गुंजा बसवल्या. आणि ठकीनं केला पळणारा बैल. पळायचं तर पाय बारीक हवेत, असं तिचं म्हणणं. कौसा सांगत होती, "अगं, मोडतील." पण ऐकेल तर ठकी कसली! उन्हात वाळता वाळता बैलाचे पाय तडकले आणि तो बसला पोटावर. ठकीनं असं भोकाड पसरलं म्हणता की शेजारपाजारचे धावत आले.

आता दिवस कुठला, तर पोळ्याच्या आधीचा. त्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखतो ना त्याचा. खांदा चोळायचा आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आवतण म्हणजे आमंत्रण. पुतळेनं प्रत्येकाच्या तळहातावर हळद-लोण्याचा ठिपका दिला. कौसानं आपल्या बैलाला चोळलं, भागूनं आपल्या. ठकीच्या हातावर ठिपका तसाच. लोणी लागलं वितळायला आणि बैलाचा पत्ता नाही. मग ती निघाली नवी माती आणायला, वेशीबाहेर.

आता मघाचा तो राजा. त्यानं सगळ्या राज्यात एकच कायदा केला होता, आणि तोही वाकडा. बैल म्हातारा झाला, काम होईना झालं, की त्याला वेशीबाहेर हाकलायचा. तिथं कुणी त्याला विचारायचं नाही. पण राजाच्या आजीनं म्हणे त्याचा कान पिरगाळला, म्हणून एक सवलत ठेवली. पोळ्याला कुणी त्या बैलाला आवतण दिलं, आणि तो त्या घरी जेवला, तर तो त्या घरचा. मरेपर्यंत सांभाळायचा. जेवला नाही, तर परत वेशीबाहेर. मग कोण देतंय आवतण? म्हाताऱ्या बैलाजवळून जाताना लोक तोंड फिरवून जायचे.

तर वेशीबाहेर, मातीच्या खड्ड्यापाशी, एक म्हातारा बैल उभा होता. पांढरा. बरगड्या वर आलेल्या. खांद्यावर जुवानं पडलेला हा एवढा घट्टा. ठकी त्याच्याकडं बघत राहिली. तिला काय कळतोय कायदा! तिच्या हातात लोणी होतं आणि समोर खांदा होता. ती दगडावर चढली, सगळं लोणी त्या घट्ट्याला चोळलं, आणि कानाशी लागून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलानं कान हलवला. झालं!

घरी येऊन तिनं हे हौसेनं सांगितलं आणि पुतळा मटकन खाली बसली.

"कार्टे! काय करून आलीस? अगं, आपण काय खातो ते माझं मला ठाऊक. बैल कुठून पोसू मी?"

ठकी रडकुंडीला आली. "पण सगळे आपापल्या बैलाला बोलवतात. त्याला कुणी बोलवलं नव्हतं."

भिवा दोर वळायचा थांबला. म्हणाला, "आता शब्द गेला, पुतळे. तो आला तर ताट पुढं करावं लागेल."

"येऊ नये म्हणजे मिळवली," पुतळा म्हणाली. ती दुष्ट नव्हती हो. पण जिच्या डब्यात तळ दिसतो, तिला पाहुण्याची धास्ती वाटतेच. तुम्हाला कळेल मोठं झाल्यावर. गुंड्या, झोपलास का? नाही? बरं.

दुसरा दिवस उजाडला. पुतळेनं डाळ शिजवली, पुरण वाटलं, डाळीच्या पाण्याची आमटी केली. पोळ्या केल्या मोजक्याच. गावात ढोल वाजायला लागले, सजवलेले बैल तोरणाखालून गेले. कौसा आणि भागू आपले मातीचे बैल पाटावर मांडून बसले. आणि दारात उभा राहिला तो पांढरा बैल. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा, पहिल्यांदाच कुणाकडं जेवायला आल्यासारखा.

पुतळेनं कपाळाला हात लावला. पण आता काय? तिनं एक पोळी ताटात घातली आणि ताट बैलापुढं ठेवलं.

आता ऐका हं. त्या काळी बैल बोलायचे. पण वर्षातून एकदाच, पोळ्याला, आणि तेही तोंडात घास जाईपर्यंतच. एकदा जेवायला लागले की गप्प. बैलानं ताटाकडं पाहिलं, आणि म्हणाला,

"मला भूक नाही, बाई."

पुतळेला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच. तिनं वाढलं होतं, तो नको म्हणाला. शब्दही राहिला आणि पोळीही राहिली. ती ताट उचलणार, तेवढ्यात कौसा आपली पोळी घेऊन आली. कौसा समजूतदार. म्हणाली, "बैलोबा, माझी घ्या. ही जास्त फुगलीय."

"मला भूक नाही, पोरी. तू खा."

मग भागू आला. त्यानं नुसती पोळी आणली नाही, वर आमटीपण ओतली. "आता घ्या."

"मला भूक नाही रे, बाळा. लेकरांनी जेवावं आधी."

असं म्हणत होता, आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. खाली मातीत ओलं झालं होतं.

ठकी आली. तिनं आपली पोळी पुढं केली नाही. ती बैलाच्या तोंडाकडं बघत राहिली, मग आईकडं बघितलं, आणि एकदम म्हणाली,

"आई, हा तुझ्यासारखं खोटं बोलतोय."

भिवाच्या हातातला वाख खाली पडला.

"काय बोलतेस गं?" पुतळा म्हणाली.

"तू पण असंच म्हणतेस. रोज. मला भूक नाही, लेकरांनी जेवावं आधी. आणि आम्ही उठलो की परातीला चिकटलेलं पीठ खरवडून खातेस आणि वर तांब्याभर पाणी पितेस. मी बघते ना." आणि मग ठकीनं पोळ्यांच्या टोपलीत डोकावून विचारलं, "आई, तुझी पोळी कुठंय?"

टोपलीत पुतळेची पोळी नव्हतीच. केलीच नव्हती तिनं. सगळ्या घराचं जपता जपता ती स्वतःला मोजायचीच विसरली होती, आणि भिवाच्या, एवढ्या मोठ्या बाप्याच्या, ते कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

पुतळा बैलाकडं वळली. "खरं सांग," ती म्हणाली, "का जेवत नाहीस?"

बैल म्हणाला, "बाई, तुझी टोपली मला दारातनंच दिसली. मी एक घास खाल्ला तर जन्माचा तुझ्या गळ्यात पडेन. माझं काय, मी चालवून घेईन."

पुतळेला रडू फुटलं. अगदी ठकीसारखं, मोठ्यानं. कारण "मी चालवून घेईन" हे ती रोज मनात म्हणायची, आणि आज ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला कळलं, की हे ऐकणाऱ्याला किती लागतं.

मग भिवा उठला. त्यानं आपल्या पोळीतला मोठा तुकडा मोडला. कौसानं मोडला, भागूनं मोडला. ठकीनं मोडला आणि त्यातला थोडा तिथंच तोंडात टाकला, लहानच ती. सगळे तुकडे एका ताटात जमा केले. ताट उंबऱ्यावर ठेवलं, आणि पुतळा ताटापाशी बसली.

"मी खाते," ती बैलाला म्हणाली, "पण तूही खायचंस. गळ्यात पडायचंच आहे तर पोटभर जेवून पड."

"तू आधी," बैल म्हणाला. हे त्याचं त्या वर्षीचं शेवटचं बोलणं.

पुतळेनं घास मोडला. आमटीत बुडवला आणि खाल्ला. तिन्ही लेकरं वाकून बघत होती. आई जेवताना कशी दिसते, हे भागूनं पहिल्यांदाच नीट पाहिलं. पुतळेनं घास चावला, गिळला आणि म्हणाली,

"अगं बाई! गूळ किती कमी पडलाय."

काय हसले म्हणता सगळे! भिवा तर डोळे पुसत हसला. आणि त्या हसण्यात बैलानं मान खाली घातली आणि पहिला घास घेतला.

झाला तो त्या घरचा. मग काय, पोसला कसा? पुतळेनंच पोसला. लेकरं बांधावरचं गवत कापून आणायची. भिवा दोराच्या बदल्यात कडबा मागून आणायचा. आणि पुतळेनं काय शोधून काढलं असेल? शेण! म्हातारा झाला तरी बैल शेण देतोच की. गोवऱ्या झाल्या, सारवण झालं, परसातल्या दुधीला खत झालं. दुधी असा लागला की शेजाऱ्यांना देऊन उरला. काम मात्र बैलाला काहीच नाही. बसल्या बसल्या शेपटीनं माश्या हाकलायच्या, तेवढंच. ठकीनं खांद्याला लावलेली ती हळद मात्र कधी गेली नाही, पाऊस पडो की ऊन. तसाच पिवळा खांदा मिरवत तो दारात बसायचा. येणारे-जाणारे बघायचे. पुढच्या पोळ्याला गावातली आणखी पोरं हातावर लोणी घेऊन वेशीबाहेर गेली, आणि राजाचा कायदा आपला कागदावरच राहिला.

आणि एक सांगायचं राहिलंच. तो बैल हट्टी होता. दोन्ही वेळेला पुढ्यात वैरण टाकली, तरी पुतळा दारात आपलं ताट घेऊन येईपर्यंत काडीला तोंड लावायचा नाही. तिनं पहिला घास घेतला की मगच हा खाणार. कितीदा तिनं म्हटलं, "अरे खा रे, माझं होईल मागाहून." छे! नुसता बघत राहायचा. आता तो उपाशी राहिला तर ठकी रडायची, ठकी रडली तर घर डोक्यावर घ्यायची. म्हणून मग पुतळा रोज जेवायला लागली. सगळ्यांच्या बरोबर, पहिल्या पंगतीला.

तर अशी ती सगळी पोटभर जेवली आणि सुखानं राहिली. आता तुम्ही निजा बघू.

काय गं बबे, झोपली नाहीस अजून? मी? मी जेवले की. खोटं नाही सांगत. हा घे, हाताचा वास घे. पिठल्याचा येतोय ना? झालं तर मग. मिट डोळे.