वायर जागची हलली तेव्हा

वस्तू आपसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. वाचनालयाच्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि म्हातारा मॉनिटर काळाठिक्कर पडला. "उद्या याला भंगारात देऊ," ग्रंथपाल वत्सलाबाई म्हणाल्या. मॉनिटरनं घाईघाईनं आपल्या वायरला विचारलं,

"वायरताई, चित्रं का गं आणत नाहीस?"

"मी माझ्या जुन्याच भोकात आहे, दादा. बारा वर्षं इथंच मिळायची."

नवं कार्ड हळूच म्हणालं, "मावशी, चित्रं आता माझ्याकडे असतात. माझं दार उघडंच आहे."

"कालच्या पोराच्या दारी मी जाऊ?"

"माझ्यासाठी जा गं," मॉनिटर म्हणाला.

वायर विरघळली. बाई धूळ पुसायला आल्या, तशी ती आपणहून सुटून त्यांच्या हातात आली. बाईंना शेजारचं नव्या कार्डाचं भोक दिसलं. त्यांनी तिथं वायर खोचली आणि मॉनिटर लख्ख उजळला!

"अगंबाई, भंगार कसलं? हा तर नवराच दिसतोय बोहल्यावरचा!"

वायर मात्र नव्या दारात अशी बसली, जणू जन्मापासून तिथंच होती.