विषाला हुकूम

आंबेखोलच्या उपकेंद्रातल्या नर्स सुलक्षणा तांबे यांना रुग्ण तपासून औषध देण्याचा अधिकार नुकताच मिळाला होता. पंचायत समितीचे सभापती आबासाहेब सुर्वे यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. "नर्सनं सुई टोचावी, डॉक्टरकी करू नये," असं ते चारचौघांत म्हणत.

एका दुपारी तेच आपल्या सहा वर्षांच्या नातीला उचलून धावत आले. तिला लाल विंचू चावला होता. पोर घामानं निथळत होती, हातपाय गार पडले होते. विष हृदयावर चाललंय, हे सुलक्षणाबाईंनी ओळखलं. त्यांनी लगेच विंचूदंशावरची गोळी काढली.

आबासाहेब आडवे आले. "डॉक्टर निघालेत. ते येईपर्यंत औषध द्यायचं नाही. माझा हुकूम आहे."

"थांबते, आबासाहेब," त्या म्हणाल्या. "पण हाच हुकूम आधी विषाला द्या. ते थांबलं, की मीही थांबते."

आबासाहेबांनी नातीच्या निळसर ओठांकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले.

दीड तासानं डॉक्टर आले, तेव्हा पोरीच्या हातांत ऊब परतत होती. "आता तुम्ही सांगाल तसं," आबासाहेब डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, सुलक्षणाबाईंची नोंद वाचली आणि त्यांनाच विचारलं, "सिस्टर, पुढची गोळी किती वाजता द्यायची?"