काढायच्या दोन काठ्या

ओढ्यावर वाकलेल्या एका जांभळीच्या ढोलीत एक खार राहत असे. निम्म्या जंगलाला औषध तीच देई. कुणाला काय मानवते हे विसरू नये, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची पळसाच्या पानांची एक पुरचुंडी तिने फांदीला टांगून ठेवली होती. हरिणीच्या पुरचुंडीत एका मुळीचा तुकडा होता. तिच्या पाडसाला खोकल्याची ढास लागे. नाना औषधे करून झाल्यावर ही एकच मुळी त्याला लागू पडली होती. तुकड्याचा वास घ्यायचा आणि रानातून तशीच ताजी मुळी आणायची, अशी खारीची रीत होती.

पुढे खारीला पिले झाली आणि तिचा जीव दोन ठिकाणी अडकला. औषधाकडे पाहिले तर पिले रडत. पिलांकडे पाहिले तर गिऱ्हाईक खोळंबे. आपल्याला दोन्ही नीट जमत नाही, असे तिला रोज वाटे. शेवटी तिने एक पोपट कामाला ठेवला. पोपट हुशार होता, आणि सांगितलेले तंतोतंत करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खारीने त्याला घाईघाईत दोन काठ्या दाखवल्या. एकीच्या टोकाला आकडी होती, दुसरीला धारदार शिंपला बांधला होता. "ही पुरचुंडी काढायची काठी. आणि हीपण काढायचीच, पण जुन्यांची. कळेलच तुला हळूहळू," असे म्हणून ती ढोलीत पळाली. आत कुणीतरी कुणाच्या तरी शेपटीला चावले होते.

दुसऱ्याच दिवशी हरिणी धापा टाकत आली. "पोपटदादा, माझी पुरचुंडी काढा लवकर! पाडसाची ढास थांबत नाही." पोपटाने विचार केला, 'हे तर इथलं जुनं गिऱ्हाईक.' त्याने शिंपल्याची काठी चोचीत धरली आणि पुरचुंडीचा देठ कापला. पुरचुंडी टपकन ओढ्यात पडली आणि वाहून गेली. हरिणीची किंकाळी ऐकून खार उठली. "अहो, पिलांना बघा जरा!" असे नवऱ्याला सांगून ती बाहेर धावली.

"अरे, काय केलंस हे! ही काठी जंगल कायमचं सोडून गेलेल्यांसाठी आहे!"

"ताई, तुम्ही तर जुन्यांची म्हणालात. ह्या जुन्या नाहीत?"

"आहे रे, पण... एवढं साधं कळू नये तुला?" खार ओरडली. तेवढ्यात वरून चीं चीं ऐकू आली. एक पिलू ढोलीच्या तोंडाशी उलटे लोंबत होते, आणि खारीचा नवरा शेजारी बसून त्याच्याकडे टक लावून पाहत होता. खारीने झेप घेऊन पिलू आत ओढले. "अहो, तुम्हाला बघायला सांगितलं होतं ना!"

"मग बघतच होतो की मी!" नवरा म्हणाला.

मुलांनो, रागावायला तोंड उघडावे आणि चूक आपलीच निघावी, याइतके अवघड काही नसते. खार खाली उतरली. "पोपटा, चुकले मी. माझ्या मनात होतं ते तुझ्यापर्यंत पोहोचलंच नाही."

पोपटाने ओढ्यावरून भरारी घेतली. ऊन कलले तेव्हा तो परतला. पुरचुंडी लव्हाळ्यात अडकलेली सापडली होती. पाने फाटली होती, पण मुळीचा तुकडा आत होता आणि त्याला वासही होता. खारीने ताजी मुळी आणून दिली. अंधार पडायच्या आत पाडस शांत झोपले.

मग खारीने दोन्ही काठ्या पुन्हा पुढ्यात घेतल्या. "ही आकडी. गिऱ्हाईक दारात आलं की हिने पुरचुंडी खाली आणायची, आत काय आहे ते बघायचं आणि परत टांगायची. हा शिंपला. हा देठ कापतो, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. जो जंगल कायमचं सोडून गेला त्याचीच पुरचुंडी ह्याने कापायची, तीही मला विचारून. आणि नक्की कळलं नाही तर?"

"तर थांबायचं," पोपट म्हणाला.

"थांबायचं, आणि मला हाक मारायची. मी चिडले तरी मारायची."

पोपटाने मान हलवली. तेव्हापासून एकही पुरचुंडी ओढ्यात गेली नाही. खार मुळ्या शोधायला निघाली की दारात क्षणभर थांबे. "अहो, पिलांना बघा. बघा म्हणजे, दाराशी आडवे बसा. एखादं बाहेर आलं तर मानगुटीला धरून आत ठेवा. कळलं?"

"कळलं की," नवरा म्हणे. "हे आधीच सांगायचं ना!"

तात्पर्य : मदतनीस पोपट असो, माणूस असो की शिकवलेले यंत्र असो, त्याला आपले मन दिसत नाही, आपले शब्द तेवढे मिळतात. म्हणून हाती साधन देताना त्याने काय होते, ते कधी वापरावे आणि कधी वापरू नये, हे उलगडून सांगावे.