कंडक्टरची चाल

"मग चुकलंय कुठं, ते तरी सांगा!"

अश्लेषाचा आवाज चढला होता.

शेवंती आजी बाहुलीच्या डोळ्यात काळा रंग भरत होती. तिने मान वर केली नाही.

"माका काय म्हायत? माका तर बरां दिसलां."

"बरं नाही दिसत. नीट बघा."

मुलीने मांडीवरची काचेची पाटी आजीपुढे धरली. हल्ली पोरं तिच्यावर चित्रं काढतात आणि काढलेलं चित्र तिच्यावरच चालतं, तसली पाटी.

पाटीवर एक माणूस चालत होता. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची बॅग, छातीवर बिल्ला, कानामागे पेन. मिशीचा केस न् केस वेगळा काढलेला. तो डावीकडून यायचा, उजवीकडे जायचा, पुन्हा डावीकडून यायचा.

आजीने कुंचला वाटीत ठेवला. हात पदराला पुसले. आणि त्या चालत्या माणसाला चक्क नमस्कार केला.

"दोरी नाय, काय नाय... आणि चलता! कोणी केलां ह्यां?"

"मी."

"येकटीन?"

"एकटीनंच. एकेक चित्र हातानं काढलंय. पाय थोडा उचलला की नवं चित्र. अजून थोडा उचलला की अजून एक. पुसायचं, परत काढायचं. सगळा पावसाळा गेला, सगळा हिवाळा गेला."

"शाब्बास गो बाय."

तोंडदेखलं बोलणं नव्हतं ते. आजीला खोटं कौतुक येतच नव्हतं. येत असतं तर गावात तिचं जरा बरं चाललं असतं.

ही शेवंती आजी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करायची. नवरा होता तोवर ती पडद्यामागे बसून गायची. तो गेल्यावर तिने दोऱ्या हातात घेतल्या. बाईमाणसाने दोऱ्या धरायच्या नसतात म्हणून गाव जमून सांगायला आलं. तिने विचारलं, "मगे तुमी धरतास?" कोणी पुढे आलं नाही. तेव्हापासून ती धरते.

अश्लेषा आली होती गडहिंग्लजहून. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, चालीचं काही अडलं तर कोकणातल्या त्या म्हातारीकडे जा. म्हणून आली. पण मनात कुरकुर होतीच. लाकडं नाचवणारी बाई आपल्याला काय शिकवणार? आपण कॉलेजात पहिल्या. आपण घोडा काढला तर बघणारे बाजूला सरतात.

"तुमच्या त्या बाहुलीचे डोळे सारखे नाहीत," ती म्हणाली.

"आसांदेत."

"उजवा खाली आलाय."

"येवंदे."



मग आजीनेच विचारलं, "कोण ह्यो?"

"माझे पप्पा. एसटीत कंडक्टर होते. गेले... येत्या रविवारी वर्षश्राद्ध आहे. सगळे पाहुणे जमणार. जेवणं झाली की भिंतीवर पडदा लावून दाखवायचं ठरवलंय. पप्पा चालताना दिसतील सगळ्यांना."

"बरां आसा की मगे."

"आईला आधी दाखवलं."

"काय म्हणाली?"

मुलगी बाहेर अंगणात बघत राहिली. आजीची सून नंदा तिथे शेणाची बादली घेऊन वाकली होती.

"म्हणाली, छान आहे गं... कोण आहेत हे?"

...

"फोटो समोर ठेवून काढलंय सगळं. मिशी तीच, कपाळ तेच. त्या कपड्यांना इस्त्री तिनंच केलेली, जन्मभर. आणि मला विचारते, कोण आहेत हे!"

आजीने पाटीकडे पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो माणूस येत होता, जात होता, येत होता.

"माका चित्रातला समाजणा नाय," ती म्हणाली. "आणि तुझ्या बापाशीक मी बघूक नाय. मी कशी सांगू?"

"मग मी आले कशाला एवढ्या लांब?"

"तां तुका म्हायत."

पण आजी उठली नाही, तिला जा म्हणालीही नाही. डोक्यावर टांगलेल्या बाहुल्यांतली एक खाली घेतली.

त्या बाहुलीला तोंडच नव्हतं. रंग कधीचा उडून गेलेला. नाकाच्या जागी लाकडाची नुसती शीर. लुगडंही विरलेलं.

"हिला रंगवत का नाही?" अश्लेषाने विचारलं.

"कित्याक?"

आजीने बोटांत दोऱ्या घेतल्या.

बाहुली जमिनीवर उभी राहिली. एक पाऊल टाकलं. थांबली. मग दोन पावलं भरभर, आणि आपलंच आपल्याला कळल्यासारखी पुन्हा हळू. उंबऱ्याशी आली. उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. हात वर गेला. वाटलं, आता हलवून निरोप देणार. हात पदराकडे गेला, पदर उगीचच नीट केला, आणि खाली आला.

बस. एवढंच.

अश्लेषा पाटी बाजूला ठेवायची विसरली होती, ती मांडीवरून घसरली तरी तिला कळलं नाही.

"रडतेय ती," मुलगी म्हणाली. "तोंड नाही तरी... आणि रडतेय ते कुणाला दिसू द्यायचं नाहीय तिला."

आजीने दोऱ्या सैल सोडल्या.

"कोण आहे ही?"

"कौसल्या. राम वनवासाक चललो."

"तसं नाही. आत्ता चालली ती कोण?"

आजी हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"सासू माजी."

"त्यांची चाल तुम्ही मुद्दाम शिकलात? रोज सराव केलात?"

"सराव कसलो? जाच काढलंय तिचो. तिच्या मागसून इतकी वर्सां पाण्याचे हंडे आणलंय. मागसून चलताना माणूस दुसरां काय बघतलां?"

नंदा अंगणातून म्हणाली, "आणि आता माका त्याच कौसल्येक रोज बघूचां लागता."

"तू सारव गप," आजी म्हणाली.

अश्लेषाने हात पुढे केला. "द्या इकडे. मी बघते."

आजीने दिली. दोऱ्या हातात आल्याबरोबर कौसल्या तोंडघशी पडली. उचलली, तर एक पाय वर आणि मान पाठीकडे. मुलीने ओठ दाबून धरले, जीव तोडून बोटं हलवली. बाहुली थडथड नाचायला लागली.

"अगो माझ्या बाये," आजी म्हणाली, "तुझी कौसल्या दारू पिऊन इली की काय?"

नंदा हसली. अश्लेषाचे कान लाल झाले. तिने दोऱ्या खाली ठेवल्या, नीट ठेवल्या, गुंता होऊ दिला नाही. तेवढी शिस्त होती तिच्यात.

"मला दोऱ्या नाही शिकायच्या. मला माझे पप्पा पाहिजेत."

बोलून गेली, आणि स्वतःच दचकली.

...

"कसो चलायचो तो?" आजीने विचारलं. आवाज आता मऊ होता.

"वजन डाव्या बाजूला, बॅगेमुळं. टाच आधी टेकायची. दोन पायांत अंतर जास्त. मी सगळं लिहून, मोजून..."

"सांगू नको. चलान दाखव."

"म्हणजे? मी?"

"मगे काय मी?"

मुलगी उठली. लाजली. मग छाती पुढे काढली, नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं, पाय फाकवले आणि पडवीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली. पाटीवरचा माणूस चालत होता अगदी तशी.

आजीने तोंड फिरवलं.

"सोंग. शिमग्यात बरां दिसात."

मुलगी पुन्हा चालली. या वेळी मिशी नाही, खांदा झुकवलेला.

"सोंगच ह्यां पण."

पुन्हा चालली. मध्येच थांबली. दोन्ही हात गळून पडले.

"नाही जमत मला! झालं समाधान? सख्खी मुलगी आहे मी त्यांची, रोज बघितलंय त्यांना, आणि मला त्यांची चाल आठवत नाही. लोक म्हणतात माणूस गेला की आवाज आधी विसरतो. माझी तर चाल गेली. परवा आठवायला बसले, तर डोळ्यापुढं फक्त फोटो येतो. हार घातलेला."

तिने पाटी पिशवीत कोंबली.

"पुसून टाकते सगळं. रविवारी नैवेद्य दाखवू, फोटोच्या पाया पडू, बास. दुसरं काही नको."

"पुसतलंस?"

"हो."

"बरां," आजी म्हणाली. अडवलं नाही तिने. अडवणारी बाईच नव्हती ती.

अश्लेषाने पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि अंगणाकडे वळली. नंदा ओरडली.

"गो बाय, थांब! ओल्यात पाय घालू नको. आताच सारवलंय मी. पडवीतसून जा."

पडवी अरुंद. त्यात संध्याकाळी देवळात खेळ होता म्हणून सगळ्या बाहुल्या काढून टांगलेल्या. दोन्ही बाजूंच्या वाशांना राजे, राक्षस, वानरं, ऋषी, म्हाताऱ्या, दासी, सगळे दाटीवाटीने लटकत होते. मधून वाट म्हणावी एवढीच फट.

मुलगी त्यात शिरली. डोळे भरलेले, डोक्यात राग. पण बाहुल्यांना धक्का लागता कामा नये, रंग उडेल, एवढं तिला कळत होतं. चित्रकार होती शेवटी.

तिने अंग आडवं केलं.

डाव्या कोपराने पिशवी पोटाशी दाबून धरली. पाय फाकवून टेकले, गुडघे सैल सोडले. उजवा हात आपोआप वर गेला, वाशाला लागला, आणि बोटं वाशावरून पुढे सरकत गेली. आधी खांदा आत. मग कंबर. मग मागचा पाय. एका राक्षसाची ढाल पाठीत लागली, तर तिने वळूनही पाहिलं नाही, नुसता खांदा थोडा उतरवून त्याला जागा दिली. एक म्हातारी बाहुली हेलकावत तिच्या अंगावर आली. मुलीने तळहात पुढे करून तिला सावरलं, पडू नको आजी, असं सावरलं, आणि पुढची वाट काढली.

समुद्राकडून वारा आला. सगळ्या बाहुल्या एकदम एका अंगाला झुकल्या. मग एकदम दुसऱ्या अंगाला. घाटात गाडी वळते तेव्हा आतली माणसं झुकतात, तशा.

मुलगी नाही झुकली. तिचे पाय जमिनीला धरून होते, वरचं अंग तेवढं सावकाश इकडून तिकडे गेलं आणि मध्ये आलं.

आणि ती थांबली.

हात वरच होता. तिने त्या हाताकडे पाहिलं. आपल्याच बोटांकडे पाहिलं, वाशाभोवती वळलेल्या. अंगठा बाहेर राहिलेला. असा अंगठा बाहेर ठेवून ती कधी काही धरत नव्हती. ती असं धरत नाही.



हात खाली घ्यायची भीती वाटली तिला. पाय हलवायची भीती वाटली. अंगात कोणी झोपलेलं असावं आणि हललं की जागं होऊन निघून जाईल, तशी उभी राहिली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायलाही हात नव्हता. एका हातात वासा, एका हाताखाली पिशवी.

"आजी..." ती अगदी हळू म्हणाली. "आजी, बघा ना... हे..."

बाहुल्या डुलत होत्या. नंदा शेणाचा हात तसाच धरून दारात येऊन उभी राहिली होती.

शेवंती आजी उठली. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरून, उठली. डोक्यावरून पदर घेतला. घरात परका पुरुष आला की बायका घेतात तसा घेतला, आणि कपाळापर्यंत नीट ओढला. बसायचा पाट पायाने पुढे सारला.

मग पडवीकडे बघून, मान खाली घालून, ती म्हणाली,

"येवा... बसा वाईच. जन्मभर उभेच होतात."