खुशाल घोड्याचं प्रस्थान

सरका रे, मला पाठ टेकू दे. आणि शरू, पाय घे पांघरुणात, नाहीतर गोष्ट इथेच थांबेल.

राजा एक होता, रायभान त्याचं नाव. राज्य त्याचं एवढंसं. राजा महालात शिंकला, की वेशीजवळच्या शेवटच्या घरातून 'शतंजीव' ऐकू यायचं. राज्यात घोडा एकच. त्याचं नाव खुशाल. दिसायला देखणा, चारही पाय पांढरे. पण स्वभावानं विचित्र, बरं का. सकाळी घरातून निघाला की इतका रमतगमत चालायचा, की त्याचा मोतद्दार हैबती पुढे जाऊन झाडाखाली एक डुलकी काढायचा. मोतद्दार म्हणजे घोड्याचं सगळं बघणारा माणूस. आणि संध्याकाळी दिवेलागण झाली, कुठे एक पणती जरी दिसली, की खुशाल गर्रकन वळायचा आणि वाऱ्यासारखा घरी. मध्ये टेकडी आली तर टेकडीवरून उडी. पाठीवर राजा असला तर राजासकट.

त्यामुळे राजाचं सगळंच अर्धवट. शिकार अर्धी, जत्रा अर्धी. कुणाच्या लग्नाला गेला तर वरणभात वाढून व्हायचा आणि दिवे लागायचे. जिलबी काय असते, ते त्या बापड्याला फक्त ऐकून माहीत.

असू दे, जिलबीवाचून कुणाचं अडत नाही. पण राजाला एक बहीण होती, सगुणा. तिला दिली होती दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणजे मध्ये एक रात्र आली. खुशाल तर एकही रात्र बाहेर राहीना. त्यामुळे लग्न झाल्यापासून तिचा भाऊ भाऊबिजेला काही पोचला नाही. दर वर्षी ती तबक घेऊन अंगणात उभी राहायची, बिजेच्या चंद्राला ओवाळायची आणि आत जाऊन मुकाट्यानं जेवायची. मग एका वर्षी तिनं कासारणीबरोबर निरोप धाडला. "दादाला म्हणावं, यंदा शेवटची वाट बघते. नाही आला, तर चंद्रच माझा भाऊ. मला दुसरा भाऊ नाही."

राजा ऐकून रडला. राजेसुद्धा रडतात, हसायचं काही कारण नाही.

चालत का नाही गेला म्हणतेस? अगं, राजा चालत जातो होय? निदान तेव्हा सगळ्यांना तसं वाटायचं. त्याला घोड्यावर चढवायला चार माणसं आणि उतरवायला चार माणसं. मध्ये बोलू नकोस.

मग असं ठरलं, की दिवाळीआधी खुशालला एक रात्र बाहेर ठेवून बघायचं. गावाबाहेरच्या आमराईत, सवय व्हावी म्हणून. राणीनं तयारी केली. आता राणी तयारी करायला बसल्यावर काय राहतंय? गव्हाण घेतली. पाण्याची घागर घेतली. माशा वारायला चवरी, दृष्ट काढायला मीठमोहऱ्या, पोट दुखलं तर ओवा. घोड्याला ओवा, बघा. सगळं खुशालच्या पाठीवर बांधलं आणि त्याच्यावर राजाला बसवलं. आमराईत पोचतात तोच गावात पहिली पणती लागली. खुशाल वळला. गव्हाण उडाली, घागर फुटली, ओवा गावभर सांडला, आणि राजा परत घरी.

मग प्रधान म्हणाला, "दोष दिव्यांचा आहे. दिवेच लावू नका." दवंडी पिटली. सारं गाव अंधारात. कुणी आमटीत साखर घातली, कुणी शेजाऱ्याच्या घरात जाऊन निजलं, प्रधानाचा पाय त्याच्याच मांजरावर पडला. इतकं सगळं केलं, आणि आमराईत एक काजवा चमकला. खुशाल वळला. राजा परत घरी.

राजाची आई, आईसाहेब, इतके दिवस माळ ओढत नुसतं बघत होत्या. आता त्यांनी माळ खाली ठेवली. म्हणाल्या, "प्रस्थान ठेवलंत का त्याचं?"

प्रस्थान म्हणजे काय, सांगते. पूर्वी परगावी जायचं असलं आणि मुहूर्त आधीचा निघाला, तर जाणाऱ्याचं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी असं गाठोडं बांधायचे आणि जायच्या वाटेवर कुणाच्या घरी नेऊन ठेवायचे. गाठोडं गेलं म्हणजे माणूस निघाला असं धरायचं.

"घोड्याचं प्रस्थान?" प्रधान हसला.

"जाणार कोण आहे?" आईसाहेबांनी विचारलं. "घोडाच ना?"

मग खुशालची जुनी झूल घेतली, तिच्यात हरभरे, गूळ आणि सुपारी बांधली, आणि ते गाठोडं वेशीजवळ गोदा तेलिणीच्या ओसरीवर ठेवलं. संध्याकाळी खुशाल पागेत शिरला. हुंगून बघतो तर झूल नाही. तो आला तसा बाहेर पडला, वास काढत काढत गोदाच्या दारात गेला आणि गाठोड्यावर मान टाकून आडवा झाला. ओसरीवर गोदाचं अंथरूण होतं, त्याच्यावरच. सकाळी राजा हरखून गेला. गोदाला साडीचोळी द्यायला निघाला. ती म्हणाली, "साडीचं मागनं बघू महाराज, आदी ह्याला उठवा."

मग काय, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी निघाले. खुशाल, त्याच्यावर राजा, बाजूनं हैबती, आणि गाठोडं. संध्याकाळी धर्मशाळा आली. गाठोडं खाली ठेवलं, वाटसरूंनी मिळून राजाला उतरवलं, आणि खुशाल खरंच निजला. राजाला इतका आनंद झाला, की तो सारखा हैबतीला उठवायचा आणि म्हणायचा, "बघ, अजून आहे."

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना सगुणेचं घर दिसलं. अंगणात ती उभी, हातात तबक. वर बिजेची कोर. चंद्रही त्या दिवशी जरा नटूनच आला होता, कारण निरोप त्याच्याही कानावर गेला होता.

राजा म्हणाला, "हैबती, गाठोडं खाली ठेव."

हैबती म्हणाला, "सरकार, ते तुमच्याकडं हाय न्हवं?"

गाठोडं राहिलं होतं धर्मशाळेत. आणि तेवढ्यात सगुणेनं निरांजन लावलं. खुशालचे कान उभे राहिले, आणि तो वळला.

सगुणेनं घोडा येताना पाहिला, तसा वळतानाही पाहिला. तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं चंद्राकडे तोंड केलं आणि तबक उचललं. राजाला ते बघवेना. आणि त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. घोड्यावरून उडी मारली. पडला तो थेट गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगात. मुकुट एकीकडे, जोडा एकीकडे. तसाच उठला आणि धावत सुटला. धावायची सवय कुठली, बदकासारखा डुलत डुलत धावला आणि ओरडला, "सगुणे, थांब गं, मी आलोय."

सगुणा थांबली. चंद्राला काय समजायचं ते समजलं. तो हळूच डोंगराआड निघून गेला. मग तिनं राजाला पाटावर बसवलं आणि ओवाळलं. नाकाला पदर लावून ओवाळलं, कारण वास फार येत होता, आणि त्याच पदरानं डोळेही पुसले.

मग म्हणाली, "दादा, इतकी वर्षं घोड्यावरून उतरला का नाहीस रे?"

राजा विचारात पडला. म्हणाला, "अगं, घोड्याची तयारी करण्यात राहूनच गेलं."

इकडे खुशाल दोन टेकड्या ओलांडून गेला, तेव्हा त्याला पाठ हलकी लागली. मागे बघतो तर राजा नाही. मग त्यानं काय केलं माहीत आहे? धर्मशाळेत जाऊन गाठोडं दातात धरलं आणि उलटा फिरला. न कुणी हाकलता, न कुणी ओढता. सगुणेनं राजाच्या पानात पहिली जिलबी वाढली, तोवर हा अंगणात हजर. गाठोडं स्वतःच ओसरीवर ठेवलं, त्याच्यावर मान टाकली आणि घोरायला लागला. राजानं त्या रात्री किती जिलब्या खाल्ल्या, ते सगुणेनं कुणालाच सांगितलं नाही.

तर राजा बहिणीकडे पोटभर राहिला आणि सुखानं घरी गेला. परत जाताना अर्धी वाट चालत गेला म्हणे. बहीण सुखी, भाऊ सुखी, घोडा सुखी. माझी गोष्ट झाली आणि तुमची रात्र झाली. आता दिवा मालवते. कुणी उठून पाणी मागायचं नाही, डोळे मिटा.