डोंगराकडे नेम

"आणि हा झेंडा असा समुद्राच्या काठावर रोवायची अक्कल कुणाची?"

पुण्याच्या सुधाकरराव चित्रावांचा हा सकाळपासूनचा सतरावा प्रश्न. होलही सतरावाच.

कोकणातल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, त्या गोल्फ मैदानाबद्दल त्यांची मतं ठाम होती. गवत राठ, वाळू जाड, आणि वारा तर निव्वळ अडाणी. बॅग वाहणाऱ्या म्हाताऱ्या कॅडीबद्दल, बाबल तांडेलबद्दल, मत व्हायचं राहिलं होतं. तो बोलतच नव्हता ना!

बारा बॉल घेऊन निघालेल्या चित्रावांकडे आता एकच उरला होता. अकरा समुद्रानं गिळले. आणि सकाळी तर क्लबच्या पडवीत चार मित्रांपुढे त्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "अठरा होल पुरे करूनच येतो. नाही जमलं तर जन्मात पुन्हा काठी हातात धरणार नाही!" ते चौघे डोंगराच्या पायथ्याशी त्याच पडवीत भजी खात वाट बघत होते. दुष्ट लेकाचे.

"दीडशे मैदानं खेळलोय मी, बाबल. झेंडा दिसेल तिकडे मारायचं, बस्स."

बाबल खांद्यावरची बॅग सावरत होता.

"अहो, बोला काहीतरी! शेवटचा बॉल आहे हा."

"मग डोंगराक मारा."

"डोंगर डावीकडे आहे. झेंडा समोर!"

"होय."

चित्रावांनी दात-ओठ खाल्ले. पण करता काय? अडला हरी… त्यांनी मारला डोंगराकडे.

डोंगरावरून समुद्राकडे सुटलेल्या वाऱ्यानं बॉलला कान धरून वळवलं आणि झेंड्यापासून चार पावलांवर अलगद आणून ठेवलं.

चित्राव बघतच राहिले. मग टोपी काढून वाकले आणि बाबलच्या पायांना हात लावला. साठाव्या वर्षी गुरू भेटला होता. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

अठराव्या होलकडे जाताना त्यांचं तोंड थांबेना.

"कळलं मला, बाबलकाका! झेंडा विसरायचा. डोंगराकडे मारायचं. हेच तत्त्व! पुण्यात सगळ्यांना हेच शिकवणार आता."

बाबलनं खांद्यावरचा पंचा काढला आणि हात लांब करून नुसता धरला. पंचा डोंगराच्या दिशेनं फडफडायला लागला.

"घाम मागाहून पुसा हो!" चित्राव म्हणाले.

चित्रावांनी डोंगराकडे नेम धरला, डोळे मिटले, मनात गुरूचं स्मरण केलं आणि हाणला.

समुद्रावरून आलेल्या वाऱ्यानं बॉल उचलला तो थेट क्लबच्या कौलांवर. दोन कौलं फुटली, एक भज्यांच्या बशीत पडलं, आणि चौघांच्या हसण्यानं सगळा सडा दणाणला.

चित्राव मटकन खाली बसले. चाळीस वर्षांचा खेळ… संपला.

"बाबलकाका," ते रडवेले होऊन म्हणाले, "डोंगराकडे मारा, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलंय ना," बाबल म्हणाला. "पन सायबानु… तो वारो मगाशीच गेलो."